एकाच वॉर्डात पाच क्लेबसिएला: जिनोम सिक्वेन्सिंगने संसर्गाचा माग कसा काढायचा

सोलापुरातलं साठ-सत्तर खाटांचं एखादं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) तीन आठवड्यांत पाच बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनी हा जंतू निघाला. पाचही मेरोपेनेम या अँटिबायोटिकला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारे. सेन्सिटिव्हिटीचे (कोणतं औषध चालतं याचे) रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तर काडीचा फरक नाही. राउंडला कुणीतरी ‘आउटब्रेक’ म्हणतं. प्रशासनाच्या पोटात गोळा येतो. सिस्टर म्हणतात मावशींनी हात धुतले नाहीत, मावशी म्हणतात बेसिनच्या नळाला पाणीच नव्हतं.

उद्रेक असेल, नसेलही. आयसीएमआरच्या वार्षिक अहवालांत क्लेबसिएलाचे निम्म्याहून जास्त नमुने कार्बापेनेम गटाला (मेरोपेनेम याच गटातलं) दाद देत नाहीत, अ‍ॅसिनेटोबॅक्टरचं तर त्याहून वाईट आहे. जिथे रेझिस्टन्स इतका सर्रास आहे, तिथे पाच रिपोर्ट सारखे आले म्हणून जंतू एकच असं म्हणता येत नाही. पाच बाळांना पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून पाच वेगळे क्लेबसिएला लागले आणि रिपोर्ट योगायोगाने जुळले, असंही होतं. जंतूचा अख्खा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, ओळीने वाचली (यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात) की या प्रश्नाचा निकाल लागतो.

कोविडच्या काळात सिक्वेन्सिंगचं नाव ऐकलं, पण आपल्या लॅबमध्ये त्याचा उपयोग काय, असा प्रश्न पडलेले टेक्निशियन, मायक्रोबायोलॉजीचे रेसिडेंट आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर यांच्यासाठी हे लिहिलंय. मशीन आपल्याकडे नसलं तरी चालतं. निम्म्याहून जास्त काम मशीनच्या बाहेरचंच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. सिक्वेन्सिंगचा निकाल यायला दिवस नाही, आठवडे लागतात. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. संशय आला त्या दिवसापासून त्या बाळांना वेगळं ठेवणं, त्यांच्यासाठी वेगळी सिस्टर, हँडरबच्या (हाताला चोळायच्या जंतुनाशकाच्या) बाटल्या प्रत्येक वॉर्मरपाशी (बाळाला ऊब देणाऱ्या खाटेपाशी), सक्शन आणि व्हेंटिलेटरच्या नळ्यांची पाहणी हे सगळं सुरू झालं पाहिजे.

आधी थोडं शास्त्र

क्लेबसिएला न्यूमोनीचा जिनोम साधारण ५५ लाख अक्षरांचा असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जंतूचा त्याच्या निम्मा, २८ लाखांच्या आसपास. जंतू दुभंगताना ही अक्षरं नकलली जातात आणि क्वचित एखादं चुकतं. जुन्या पोथ्या नकलणाऱ्यांच्या हातून चुका राहायच्या आणि पुढची प्रत त्या चुकांसकटच उतरायची, तसंच हे. कोणत्या दोन प्रतींत कोणत्या चुका सामायिक आहेत ते पाहिलं की कुठली प्रत कुठल्या घराण्यातली ते कळतं. अशा एका अक्षराच्या फरकाला स्निप म्हणतात. क्लेबसिएलात वर्षभरात असे बदल मोजकेच होतात. म्हणून महिन्याभरात एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या जंतूंत दोन-चार स्निपचा फरक दिसतो, आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही त्यांच्यात शेकडो-हजारोंचा.

दुसरी गोष्ट प्लाझमिडची. मुख्य गुणसूत्राबाहेर जंतूच्या पेशीत डीएनएची छोटी वर्तुळं असतात आणि ती एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकतात, अगदी क्लेबसिएलातून ई. कोलायमध्येही. एनडीएम, ऑक्सा-४८ गटातली ऑक्सा-२३२ अशी कार्बापेनेम निकामी करणारी एन्झाइमं बनवणारी जनुकं बहुधा या वर्तुळांवर बसलेली असतात. त्यामुळे कधी जंतू पसरतो, तर कधी जंतू वेगवेगळेच राहतात आणि प्लाझमिड पसरतं. या दुसऱ्या प्रकाराने भले भले चकतात.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘आमच्याकडचे जंतू सिक्वेन्स करायचेत’ हा प्रश्न झाला नाही. ‘१ ते २१ तारखेदरम्यान एनआयसीयूमधल्या पाच बाळांना झालेला क्लेबसिएला एकाच मुळातून आला का?’ हा झाला. प्रश्न असा नेमका लिहिला की किती नमुने, कोणते आणि निकाल आल्यावर काय करायचं हे आपोआप ठरत जातं. ‘हो’ आलं तर काय बदलणार आणि ‘नाही’ आलं तर काय, हे आत्ताच लिहून ठेवा. दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर ते पैसे हँडरबवर खर्च करा, मी गमतीने म्हणत नाही.

उपचारासाठी म्हणून सिक्वेन्सिंग मागवू नका. रुग्णाच्या जंतूत एनडीएम आहे की ऑक्सा-४८, हे डॉक्टरांना तातडीने हवं असतं. नुसत्या ऑक्सा-४८वर सेफ्टाझिडिम-एव्हिबॅक्टम चालतं. एनडीएमवर ते एकटं चालत नाही, ॲझट्रिओनामची जोड लागते. पण त्यासाठी पट्टीवरची कार्ड टेस्ट किंवा पीसीआर आहे, निकाल त्याच दिवशी मिळतो.

संशय यावा कधी? लॅबमध्ये डब्ल्यूएचओचं हूनेट हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर वॉर्डनिहाय यादी काढणं सोपं आहे. नसेल तर रजिस्टर आणि पेन्सिल पुरे. ज्या वॉर्डात एखादा जंतू महिन्याला एखाददुसरा निघतो, तिथे आठवड्यात तीन निघाले की थांबून बघायचं.

पायरी २: प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाण्याआधी

बहुतेक उद्रेकांचा पुरावा इथेच जातो. रिपोर्टवर सही झाली की संध्याकाळी प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये आणि मग पिवळ्या पिशवीत. नियमाने तेच बरोबर आहे. पण तिसरं-चौथं बाळ पॉझिटिव्ह येऊन संशय येईपर्यंत पहिल्या दोघांचे जंतू या जगात उरलेले नसतात. म्हणून सवय लावून घ्यायची: रक्त, सीएसएफ (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) यांतून निघालेला प्रत्येक कार्बापेनेम-रेझिस्टंट जंतू, संशय असो-नसो, किमान सहा महिने साठवायचा.

मॅकॉन्की अगरच्या प्लेटवर क्लेबसिएलाच्या वसाहती (जंतूंच्या वाढीचे ठिपके) गुलाबी, फुगीर, ओलसर दिसतात. लूप (तारेचं छोटं कडं) लावून वर उचललं तर कधी कधी तार धरतात. अशा चिकट वाढीखाली दुसरा जंतू सहज लपतो. म्हणून एकच वसाहत उचलून नव्या प्लेटवर पुन्हा स्ट्रीक करा (रेघा ओढून पसरवा), दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच उचला आणि तीच साठवा. ब्रॉथमध्ये १५ ते २० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० अंश. उणे ८०चा फ्रीझर छोट्या लॅबमध्ये नसतो. उणे २०वर काही महिने निभावतं, पण वीज गेली-आली की कुपी वितळते-गोठते आणि जंतू मरत जातात, त्यामुळे इन्व्हर्टरवर नसलेल्या फ्रीझरवर विसंबू नका. न्यूट्रिएंट अगरच्या छोट्या बाटलीत टोचून, बूच घट्ट लावून, अंधाऱ्या थंड जागी ठेवलेला स्टॅब ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

कुपीवर रुग्णाचं नाव घालू नका. कोड घाला, आणि तो कोड कुणाचा हे एकाच वहीत, कुलपात. एनआयसीयूत तर नावाने गोंधळच होतो. सगळी बाळं ‘बेबी ऑफ’ अमुक, त्यात जुळी असली की संपलंच.

पायरी ३: तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पाहिलेली बहुतेक फसलेली कामं डीएनएमुळे फसली नव्हती. निकाल उत्तम आला, पण ते बाळ १२ तारखेला नेमकं कुठल्या वॉर्मरवर होतं हे कुणालाच सांगता येईना, असं झालं होतं.

प्रत्येक नमुन्यासाठी एक ओळ: कोड, नमुन्याचा प्रकार, तो घेतल्याची तारीख (रिपोर्टची नव्हे), भरतीची तारीख, वॉर्ड, खाट किंवा वॉर्मर क्रमांक, त्यात झालेले बदल तारखांसह, व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, कॅथेटर कधीपासून, कोणत्या शस्त्रक्रिया, आणि आधी कुठे भरती होतं.

खाट बदलल्याची नोंद भरतीच्या रजिस्टरमध्ये सापडत नाही. ती सापडते सिस्टरच्या ओव्हरच्या (ड्युटी बदलताना लिहायच्या) वहीत. रात्री दोनला एखादं बाळ तीनवरून पाचवर हलवलं, कारण तीनच्या वॉर्मरचा प्रोब बिघडला, हे फक्त तिथे लिहिलेलं असतं, तेही अर्ध्या ओळीत. त्या वहीचे फोटो काढून ठेवा, कारण वही भरली की ती कुठे जाते ते देव जाणे.

‘आधी कुठे भरती होतं’ हा रकाना सोलापुरात फार महत्त्वाचा आहे. इथे रुग्ण शहरापुरते नसतात. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर, शिवाय सीमेपलीकडून इंडी, आळंद, अफझलपूरहून गाड्या येतात. मधे एका छोट्या दवाखान्यात बाळ एक रात्र वॉर्मरवर ठेवलेलं असतं आणि रेफरन्सच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेखही नसतो. नातेवाइकांना विचारा, आणि ज्या भाषेत ते मोकळेपणाने बोलतील त्या भाषेत विचारा. कन्नड किंवा तेलुगू येणारी एक सिस्टर बरोबर घेतली तर अर्ध्या तासात जे कळतं ते फाइलवरून जन्मात कळणार नाही. सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात तर चार ठिकाणी फिरूनच रुग्ण पोचतो, त्यामुळे जंतू तिथे निघाला म्हणजे तिथेच लागला असं धरून चालणं अन्यायाचं आहे.

तक्ता भरताना दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी नंतर छळतात. तारीख ०५/०६ अशी लिहिली की एक्सेल कधी ५ जून समजतं, कधी ६ मे. वर्ष-महिना-दिवस असा एकच क्रम ठेवा. आणि वॉर्डाचं नाव एकाने ‘एनआयसीयू’, दुसऱ्याने ‘एन.आय.सी.यू.’ आणि तिसऱ्याने ‘बाळांचा आयसीयू’ लिहिलं, तर संगणकाच्या दृष्टीने ते तीन वॉर्ड झाले.

परवानगीचं काय? उद्रेकाचा तपास हा संसर्ग नियंत्रणाच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे, पण पुढे पेपर लिहायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीकडे आधीच अर्ज करा.

परके नमुनेही पाठवा

नवे लोक ही चूक हटकून करतात: संशय असलेले पाचच पाठवतात. मग पाचांत दहा-दहा स्निपचा फरक आला की ‘जवळ’ म्हणायचं की ‘लांब’, हे ठरवायला मोजपट्टीच नसते. शहरात सगळीकडे एकच वंश फिरत असेल, तर संबंध नसलेले रुग्णही बऱ्यापैकी जवळचे दिसू शकतात. म्हणून त्याच काळातले, पण एनआयसीयूशी संबंध नसलेले तीन-चार क्लेबसिएला बरोबर पाठवा: मेडिसिन आयसीयूतला एक, बाहेरून आलेल्या रुग्णाचा एक, जमलं तर शेजारच्या रुग्णालयातला एक. पाचांपैकी एखाद्या बाळाचे दोन वेगवेगळ्या दिवशीचे नमुने असतील तर तेही घाला. एकाच शरीरात जंतू किती बदलतो ते त्यातून कळतं.

आणि परिसरातले नमुने. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, वर्षानुवर्षं ते काही दिवसांआड येतंय, त्यामुळे टाक्या, पिंपं, बादल्या यांत पाणी साठवणं रुग्णालयांनाही चुकत नाही. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात साचणाऱ्या गाळात क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास बिनबोभाट राहतात. नळाची धार थेट जाळीवर पडली की शिंतोडे उडतात, आणि शेजारीच औषधं भरायचा ट्रे असतो. बेसिनची जाळी, पाइप, टाकीचा नळ, सक्शनची बाटली, उघडून परत वापरलेल्या मल्टिडोस व्हायल, दूध तयार करायचा ओटा इथले स्वॅब घ्या. मात्र स्वॅब साफसफाईच्या आधी घ्यायचे. उद्रेक म्हटलं की पहिलं फर्मान ‘सगळं धुऊन काढा’ असं सुटतं, त्याच्या तासभर आधी पोचलं पाहिजे.

पायरी ४: डीएनए आणि पार्सल

रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधून कॉलम किटने डीएनए काढता येतो. क्लेबसिएलाचं कवच जाड असल्याने मिश्रण शेंबडासारखं होतं आणि कॉलम तुंबतो. जास्त डीएनए मिळेल या आशेने लूपभर जंतू घालू नका, निम्मेच घ्या. स्टॅफिलोकॉकसची भिंत साध्या लायसिसने फुटत नाही, त्याला लायसोस्टॅफिन लागतं. डीएनएची मोजणी शक्यतो क्यूबिट या यंत्रावर करा. नॅनोड्रॉप हे दुसरं यंत्र आरएनएलाही डीएनए समजून आकडा फुगवतं, पण शुद्धता सांगणारं २६०/२८०चं गुणोत्तर १.८ ते २.०च्या दरम्यान आहे ना, हे पाहायला ते ठीक आहे.

जिवंत जंतू पाठवण्यापेक्षा डीएनए पाठवा. जिवंत कल्चरला तीनपदरी पॅकिंग आणि त्याचे नियम आले, फुटलं तर जबाबदारी आली. आपल्याकडचा एप्रिल-मे लक्षात घ्या, पारा चाळिशीच्या वर असताना कुरिअरच्या गाडीत बर्फाचे पॅक पुण्यापर्यंतही टिकत नाहीत. डीएनए उन्हात जंतूइतका नाजूक नसतो, तरी पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी सोडा. शुक्रवारी सोडलेलं रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहतं. निम्मा डीएनए आणि मूळ कुपी स्वतःकडे ठेवल्याशिवाय काही पाठवू नका.

पायरी ५: छोटे तुकडे की लांब?

इल्युमिनाची यंत्रं डीएनएचे छोटे तुकडे, बहुधा १५० अक्षरांचे दोन्ही टोकांकडून, अतिशय अचूक वाचतात. ऑक्सफर्ड नॅनोपोरचं हातात मावणारं मिनआयन हजारो अक्षरांचे लांब तुकडे वाचतं. स्निप मोजायचे असतील तर इल्युमिना हा रुळलेला रस्ता आहे. प्लाझमिडचं वर्तुळ पूर्ण जोडायचं असेल तर लांब तुकडे हवेतच. कारण प्लाझमिडवर तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि छोट्या तुकड्यांवरून कोणता कुठे बसतो ते कळत नाही. पहिल्यांदा करत असाल तर सगळे नमुने इल्युमिनावर, त्यातले मोजके दोन-तीन नॅनोपोरवर, एवढं पुरे.

प्रयोगशाळेला सांगताना ‘किमान ५० पट कव्हरेज’ असं लिहून द्या, १०० असेल तर उत्तम. म्हणजे ५५ लाख अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचलं गेलं पाहिजे. नमुन्यामागे खर्च हजारांत जातो आणि बॅच मोठी असेल तर उतरतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणांहून दर मागवा. दरपत्रकात ‘कच्च्या फाइल मिळतील’ हे वाक्य आहे का ते बघा. नुसता पीडीएफ रिपोर्ट घेऊन पुढच्या उद्रेकाशी तुलना करता येत नाही.

पायरी ६: फाइल आली, आता काय?

लिनक्सची काळी खिडकी पाहून घाबरू नका. ब्राउझरमध्ये चालणारं गॅलक्सी हे मोफत व्यासपीठ आहे, त्यावर खालचं बहुतेक सगळं माउसने करता येतं. क्लेबसिएलासाठी पॅथोजेनवॉच तर आणखी सोपं. जोडलेला जिनोम चढवला की प्रजाती, वंश, रेझिस्टन्सची जनुकं सगळं एका पानावर. रुग्णाची ओळख पटेल अशी कुठलीही माहिती मात्र तिथे चढवू नका.

क्रम असा (फास्टक्यूसी, फास्टपी, क्रॅकेन, स्पेड्स ही प्रोग्रॅमची नावं). फास्टक्यूसीने वाचनाची प्रत तपासा, फास्टपीने टोकांची घाण छाटा. क्रॅकेनने हे सगळे तुकडे क्लेबसिएलाचेच आहेत ना ते पाहा. मग स्पेड्सने तुकडे जोडा आणि जोडलेल्या जिनोमची लांबी बघा. ५० ते ६० लाखांच्या बाहेर गेली, किंवा तुकडे पाचशेच्या पुढे गेले, तर भेसळीचा संशय घ्या. ७० लाखांचा क्लेबसिएला म्हणजे प्लेटवर दोघे होते. असा नमुना जोडतोडून चालवून घेऊ नका, कुपीपासून पुन्हा सुरुवात करा.

त्यानंतर प्रजाती. आपली स्वयंचलित यंत्रं क्लेबसिएला क्वासिन्यूमोनी आणि व्हॅरिकोलाला बरेचदा न्यूमोनीच म्हणतात. कधी कधी उद्रेकाची गोष्ट इथेच संपते, कारण पाचांपैकी दोन मुळात वेगळ्या प्रजातीचेच निघतात.

मग एमएलएसटी. सात ठरलेल्या जनुकांवरून जंतूला वंशाचा एक क्रमांक (एसटी) मिळतो. भारतातल्या रेझिस्टंट क्लेबसिएलात एसटी २३१, एसटी १४७, एसटी १४ हे वारंवार भेटणारे आहेत. वंश वेगळा असेल तर ते जंतू एकमेकांकडून आलेले नाहीत, विषय संपला. वंश एकच असेल तर मात्र अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. एसटी २३१ देशभर आहे. दोघांचं आडनाव एक म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, इतकंच.

रेझिस्टन्सच्या जनुकांसाठी एएमआरफाइंडरप्लस किंवा रेसफाइंडर. क्लेबोरेट खास क्लेबसिएलासाठी आहे. ते ऑम्पके ३५ आणि ३६ या कवचातल्या दारांतले बिघाडही दाखवतं, आणि कॉलिस्टिन हे औषध न चालण्याचं कारण ठरणारं एमजीआरबी जनुक तुटलंय का तेही. जनुक सापडलं म्हणजे औषध चालणार नाही, किंवा नाही सापडलं म्हणजे चालेल, असा सरळ हिशोब दरवेळी लागत नाही. बेडसाइडला शब्द चालतो तो सेन्सिटिव्हिटी रिपोर्टचाच.

पायरी ७: किती फरक म्हणजे ‘एकच’?

एका वंशाचे सगळे जिनोम एकत्र घेऊन स्निपी या प्रोग्रॅमने स्निप मोजायचे. संदर्भ जिनोम (ज्याच्याशी बाकीचे ताडायचे तो) त्याच वंशातला घ्या, नाहीतर फरकांचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. जंतू कधी कधी दुसऱ्याच्या जिनोमचा अख्खा तुकडा आपल्यात बसवतो, तेव्हा एका फटक्यात शेकडो फरक दिसतात. असे भाग गबिन्स या दुसऱ्या प्रोग्रॅमने बाजूला काढायचे. शेवटी प्रत्येक जोडीतलं अंतर सांगणारा तक्ता आणि वंशवृक्ष.

क्लेबसिएलासाठी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात २१ स्निप ही रेषा रुग्णालयातला प्रसार ओळखायला उपयोगी ठरली होती. पण ती मदतीची रेषा आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. जंतू बदलला की रेषा बदलते, काळ किती गेला त्यावर बदलते, कुठल्या पद्धतीने मोजलं त्यावरही बदलते.

आपल्या काल्पनिक एनआयसीयूकडे परत येऊ. पहिलं, दुसरं आणि चौथं बाळ यांच्यात दोन ते पाच स्निप. तिसरं त्याच वंशाचं, पण १८० स्निप लांब. पाचवं तर वेगळ्याच वंशाचं. बेसिनच्या पाइपातला जंतू पहिल्यापासून तीन स्निपवर. बाहेरचे तुलनेचे नमुने शंभर-दीडशेच्या पुढे. म्हणजे पाचांचा उद्रेक तिघांचा निघाला. तिसरं बाळ बहुधा बाहेरून जंतू घेऊन आलं, त्याच्या आधीच्या दवाखान्याचा रकाना बघा. पाचव्यात आणि बाकीच्यांत एकच एनडीएम असेल तर ते एकाच प्लाझमिडवर आहे का हे नॅनोपोरच्या वाचनातून तपासा. असेल तर तेही याच गोष्टीत येतं, फक्त दुसऱ्या दाराने.

आता मोह आवरायचा. ‘पहिल्याकडून दुसऱ्याला गेला’ असं स्निप सांगत नाहीत. दोघांना बेसिनकडून गेला असेल. बेसिनला पहिल्याकडून मिळाला असेल. मधे एखादं बाळ असेल, जे फक्त वाहक होतं (अंगावर जंतू, पण आजार नाही) आणि ज्याचं कल्चर कुणी पाठवलंच नाही. दिशा ठरवायला वॉर्मरच्या तारखा लागतात, म्हणून तर तिसऱ्या पायरीवर एवढी शाई खर्च केली.

अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच क्लिनिकल सेंटरमध्ये २०११ साली नेमकं हेच घडलं. केपीसी (कार्बापेनेम निकामी करणारं आणखी एक एन्झाइम) प्रकारचा रेझिस्टंट क्लेबसिएला असलेली एक रुग्ण भरती झाली, काळजी घेतली गेली, ती घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तो निघाला. मधल्या काळात वॉर्डात कुणीच पॉझिटिव्ह नसल्याने हा नवा जंतू असेल असं वाटणं स्वाभाविक होतं. एकूण १८ रुग्णांपर्यंत तो पोचला, ११ जण दगावले, त्यांतल्या ६ मृत्यूंचं कारण हा संसर्ग ठरला. जिनोम वाचल्यावर कळलं की सगळ्याचं मूळ त्या पहिल्याच रुग्णात होतं, आणि रुग्ण ज्या क्रमाने पॉझिटिव्ह आले त्या क्रमाने जंतू पसरलाच नव्हता. काही जण आठवडेच्या आठवडे नकळत वाहक होते. एका व्हेंटिलेटरवरही तो सापडला, तोही स्वच्छ केल्यानंतर.

त्याच सुमारास केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांच्या विभागात एमआरएसए या रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा माग काढला गेला. दोन महिन्यांहून जास्त काळ एकही केस नाही, विभागाची कसून सफाई झालेली, आणि मग पुन्हा एक बाळ पॉझिटिव्ह. जिनोम जुन्या उद्रेकाशी जुळला, म्हणून कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एक जण वाहक निघाला.

पायरी ८: कमिटीसमोर

इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या बैठकीत वंशवृक्ष दाखवू नका. सर्जन मोबाइल काढतील. एका कागदावर वर वॉर्मर आणि तारखांचा आडवा पट्टा काढा, एकाच जंतूचे रुग्ण एका रंगात. खाली तीनच ओळी: कोण एकाच मुळाचे, कोण नाहीत, कुणाबद्दल सांगता येत नाही. त्याखाली काय करायचं: पाइप बदलणं, धार जाळीवर पडणार नाही असा नळ, औषधं भरायचा ट्रे बेसिनपासून दूर, बाहेरून आलेल्या बाळांचा रेक्टल स्वॅब, आणि प्रत्येकापुढे करणाऱ्याचं पद आणि तारीख.

कर्मचारी वाहक निघाला तर नाव बैठकीत येता कामा नये. वाहक असणं हा गुन्हा नाही. आणि एकदा कुणा मावशीकडे बोट दाखवलं गेलं की पुढच्या वेळी स्वॅब द्यायला कुणी पुढे येत नाही. वॉर्डातली खरी माहिती, पाणी कधी गेलं, ग्लोव्हज कधी संपले, रात्री एका सिस्टरकडे किती बाळं होती, ही त्यांच्याकडेच असते.

उपाय झाल्यानंतर निदान तीन महिने त्या वॉर्डातला प्रत्येक रेझिस्टंट क्लेबसिएला साठवत राहा. एखादा निघालाच तर त्याचा एकट्याचा जिनोम वाचून जुन्यांशी ताडून पाहता येतो, पाचही पुन्हा करावे लागत नाहीत. त्यासाठी जुन्या कच्च्या फाइल हाताशी हव्यात. बाहेरच्या प्रयोगशाळा त्या कायम जपून ठेवत नाहीत, तेव्हा लिंक आली त्याच दिवशी उतरवून घ्या आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक लॅबमध्ये आणि एक मेडिकल रेकॉर्ड्समध्ये. डिस्कवर कोडची चिठ्ठी चिकटवा. नावांची वही त्याच कपाटात ठेवू नका.